घरबसल्या पगार

आमच्या ऑफिसात तोंड उघडायच्या आधी नाव सांगायचं असा नियम आहे. ‘मी यशश्री बोलतेय, मला हा मुद्दा पटत नाही,’ असं. कारण साधं आहे. आम्ही सहा फेलो, त्यातल्या दोघींना दिसत नाही, आणि कोण बोललं हे आवाजावरून ओळखत बसायची आम्हाला हौस नाही. आंधळ्यांचे कान फार तीक्ष्ण असतात असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. माझे कान चारचौघांसारखेच आहेत. पहिल्याच आठवड्यात मी ईशानला कुरिअरवाला समजून पार्सल उशिरा आणल्याबद्दल झापलं होतं, आणि तो पुण्याचा सभ्य मुलगा ‘सॉरी मॅडम’ म्हणत ऐकूनही घेत होता.

जो नाव सांगायला विसरेल त्यानं सगळ्यांसाठी कोपऱ्यावरून फिल्टर कॉफी आणायची. पहिला महिनाभर ऑफिस ईशानच्याच कॉफीवर चाललं.

ही फेलोशिप म्हणजे नेमकं काय, ते माझ्या निपाणीच्या आत्याला अजून कळलेलं नाही. “नोकरी आहे की शाळा?” ती दर फोनला विचारते. दोन्ही, असं सांगितलं की चिडते. नुकती वकिली सुरू केलेल्या सहा जणांना वर्षभरासाठी बंगळुरूत मल्लेश्वरमच्या या तळमजल्यावरच्या ऑफिसात घेतात, अपंगांच्या हक्कांचा कायदा शिकवतात आणि प्रत्येकाच्या हाती एकेक खटला देतात. पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत तो ज्याचा त्यानं चालवायचा. बुडवला तरी आपला आपणच.

हे सगळं चालवतात शिवलीला अक्का. धारवाडकडच्या, तीस वर्षांची वकिली, आणि त्यातली निम्मी चाकांच्या खुर्चीत बसून कोर्टांच्या पायऱ्यांशी भांडण्यात गेलेली. अक्कांचा आणखी एक नियम होता. तक्रार लिहायच्या आधी आपल्या अशिलाच्या घरी एक अख्खा दिवस काढायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कायद्याचं काही विचारायचं नाही, नुसतं त्याच्याबरोबर राहायचं. मला हा नियम बालवाडीतला वाटायचा. मी निपाणीच्या कोर्टात दोन वर्षं काळा कोट घालून घाम गाळलेली बाई. मला काय माणसं कळत नाहीत?

माझ्या वाट्याला आले विद्याधर अण्णा. अठ्ठेचाळीस वर्षांचे, घराणं सोलापूरकडचं, पण वडील नोकरीनिमित्त इकडे आले तेव्हापासून बंगळुरूचेच, त्यामुळे मराठीत कन्नड चिमूटभर नाही, चांगलं मूठभर. सरकारी पंपांच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं टेस्टिंगला होते. तयार झालेला पंप चालू करायचा आणि तो नीट चालतोय की नाही ते सांगायचं, हे काम. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले.

आता कायदा असा, की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. त्याला जमेल असं दुसरं काम द्यायचं. तसं काम नसेलच, तर ते मिळेपर्यंत पगार चालू ठेवायचा. कारखान्यानं यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. तुमच्याजोगं काम आमच्याकडे नाही, घरी बसा, पगार येत राहील. आणि गेटपास काढून घेतला.

यात अन्याय कुठे आहे, हेच कोणाला दिसेना. शेजारीपाजारी म्हणत, काय नशीब काढलंत! ईशानसुद्धा म्हणाला, “ऑनेस्टली यशश्री, घरबसल्या सॅलरी मिळत असेल तर मी तर आनंदानं बसेन यार.”

“तुला कोणी सांगितलं, की यापुढे तू कोणाच्याही उपयोगाचा नाहीस, पण जेवायला घालू, तर बसशील?” मी विचारलं.

तो उठला. मग कॉफी आणायला गेला, कारण नाव सांगायला विसरलाच होता.

ठरल्या दिवशी मी सकाळी साडेसहाला के. आर. पुरमला अण्णांच्या घरी हजर झाले. दार प्रतिमावहिनींनी उघडलं, अण्णांच्या पत्नी. अण्णा सोफ्यावर बसले होते, आणि फरशीवर टाचेचा आवाज आला तेव्हा कळलं, की पायात बूट होते. अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, बूट. रोज असंच, वहिनी स्वयंपाकघरात माझ्या कानाशी कुजबुजल्या. पाचला उठतात, तयार होतात आणि बसतात. कुठे जायचं नसतं.

“वकीलबाई, मला पगार नको असं नाही हां,” अण्णा म्हणाले. “पण मला सकाळी जायला जागा पाहिजे. एवढंच मागायचं. सरी?”

“सरी, ठीक आहे,” मी म्हटलं. मी वकील होते, त्यामुळे लगेच लॅपटॉप उघडला.

अकराच्या सुमाराला अण्णांचा फोन वाजला. ते चाचपडत गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. तरी तुटक तुटक ऐकू येत होतं. “हां, लाव. थांब. बंद कर. परत लाव. नाही रे, स्वल्प ढिला कर.” फोनमधून नुसता घरघराट. “दोस्ताचा फोन,” वहिनी म्हणाल्या, “रोज येतो.” मी मान डोलावली. कोणाच्या तरी घरचा मिक्सर बिघडला असेल असं मनात म्हटलं आणि पुढे टाइप करू लागले. लॅपटॉप माझ्या कानात माझंच वाक्य वाचून दाखवत होता: ‘तक्रारदार गेले आठ महिने कोणतेही काम न करता निष्क्रिय अवस्थेत घरी बसून आहेत.’ ते वाक्य मला फार आवडलं. कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असं वाटलं.

दुपारी वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढी खायला घातली, की पुढे बसले असते तर तिथेच आडवी झाले असते. झालंच की आपलं काम, असं म्हणून मी दोन वाजता निघाले. अक्कांना सांगितलं, दिवस पूर्ण केला.

मसुदा वाचून अक्कांनी एकच विचारलं. “शिवलीला बोलतेय. हा माणूस दिवसभर खरंच काही करत नाही?”

“यशश्री बोलतेय. नाही अक्का.”

“माणूस काहीतरी करतोच गं.”

“अक्का, निष्क्रिय म्हणजे निष्क्रिय,” मी ठणकावून सांगितलं. आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

सुनावणी आयुक्तांसमोर होती. अपंगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयुक्त. साधीच खोली, लांब टेबल, वर पंख्याची कुरकुर. ईशान माझ्या शेजारी बसून हळू आवाजात खोली सांगत होता. “आयुक्त मॅडम समोर. कारखान्याचे वकील उजवीकडे, मागे त्यांचे पर्सोनेल ऑफिसर. त्यांच्या मागे अजून एक जण आहे, मांडीवर फाइलींचा हा एवढा गठ्ठा.” डावीकडे अण्णा आणि वहिनी. अक्का दाराजवळ. फेलोच्या खटल्यात त्या तोंड उघडत नाहीत, आभाळ कोसळलं तरी.

बोलणं सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. कारखान्याचे वकील मोठे गोड होते. ते म्हणाले, मॅडम, आम्ही यांना काढलेलं नाही, पगार एक दिवस थांबवलेला नाही. पण यांच्याजोगं काम टेस्टिंगमध्ये नाही, कारखान्यात कुठेच नाही. आणि आता तर सरावही गेला. हे मी म्हणत नाही मॅडम, तक्रारीतच लिहिलंय. पान तीन. आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. कोणतेही काम न करता. निष्क्रिय अवस्थेत. सावकाश, एकेक शब्द, लग्नाची पत्रिका वाचावी तसं.

आपल्या पायावर धोंडा मारून घेतला असता तर चाललं असतं. मी तो अण्णांच्या पायावर मारला होता. शेजारी अण्णांचा श्वास ऐकू येत होता. या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवून सकाळी जायला एक जागा मागितली होती, आणि ती जागा माझ्याच भाषेच्या हौसेपायी चालली होती. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. पुढचा युक्तिवाद पार डोक्यातून गेला.

तेवढ्यात उजवीकडून, मागून, कोणीतरी म्हणालं, “छे!”

आणि मी, कसलाही विचार न करता, ऑफिसातल्या चढ्या आवाजात ओरडले, “कोण बोललं? आधी नाव सांगा, मग बोला!”

सरकारी सुनावणीत असं कोणी ओरडत नाही. पंख्याची कुरकुरसुद्धा मोठी वाटली. ईशाननं माझा दंड घट्ट धरला. आता ही बाई मला बाहेर काढणार, मी मनात म्हटलं.

“बरोबर आहे,” आयुक्त मॅडम म्हणाल्या. “वकीलबाईंना दिसत नाही, त्यांना कळायला हवं. कोण बोललं?”

खुर्ची सरकली. मग धपकन आवाज आला, तो फाइलींचा गठ्ठा होता. “रघुजी, मॅडम. टेस्टिंगचा फोरमन.”

“हे फक्त फाइली घेऊन आलेत,” कारखान्याचे वकील घाईनं म्हणाले.

“नाव सांगितलंय ना त्यांनी? मग बोलू दे.”

“निष्क्रिय कुठले, मॅडम?” रघुजींचा आवाज कापत होता, पण एकदा सुटला तो सुटलाच. “रोज अकराला मीच फोन लावतो यांना. जो पंप आम्हाला कळत नाही त्याच्याजवळ फोन धरतो. अण्णा ऐकतात आणि सांगतात, बेअरिंग गेलंय की आत हवा राहिलीय. नव्या लोकांना मीटर वाचता येतो मॅडम, पंप वाचता येत नाही. अण्णा सांगतात म्हणून माल बाहेर जातो. आठ महिने हेच चाललंय.”

“रघुजी, गप बस रे!” अण्णा ओरडले.

“आठ महिने गप बसलोय, अण्णा. आता नाही बसत.”

गॅलरी, घरघराट, ‘परत लाव’, ‘स्वल्प ढिला कर’ हे सगळं माझ्या डोक्यात एकदम उजळलं. मिक्सर म्हणे! इथे कोणाला वाटेल, बघा, आंधळ्याला कसे दैवी कान मिळाले. काही दैवी नाही. डोळे होते तेव्हाही हा माणूस कानांनीच काम करत होता आणि बावीस वर्षं पंपाशेजारी उभा होता.

“तुम्ही हे तक्रारीत का नाही सांगितलंत?” मॅडमनी अण्णांना विचारलं.

अण्णा अवघडले. “मॅडम, टेस्टिंगमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. याला मेमो मिळाला असता. आणि ते काय काम आहे? दोस्त विचारतो, आपण सांगतो.”

“पुरावा काय?” कारखान्याचे वकील. गोडवा बराच कमी झाला होता.

“फोन द्या,” मॅडम म्हणाल्या. रघुजींनी फोन दिला आणि मॅडम त्यातली यादी मोठ्यानं वाचू लागल्या. “विद्याधर अण्णा, अकरा वाजून दोन मिनिटं. विद्याधर अण्णा, अकरा पाच. विद्याधर अण्णा. विद्याधर अण्णा. बायको. विद्याधर अण्णा. विद्याधर अण्णा...” हातच्या काकणाला आरसा कशाला! मागे वहिनी आधी हसल्या, मग ईशान, मग खोलीतलं कोण कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, कारण हसताना कोणी नाव सांगत नव्हतं.

पर्सोनेल ऑफिसर उठले. “पण मॅडम, मोबाइल आत न्यायला सक्त मनाई आहे! सुरक्षेचा प्रश्न आहे! यांच्यावर कारवाई करावी लागेल!”

“मनाई आहे ना? अगदी योग्य आहे,” मॅडम म्हणाल्या. “मग फोन बाहेर ठेवा आणि माणसाला आत घ्या.”

एवढं झाल्यावर माझ्या जिभेला धार आली. मी उठले, नाव सांगितलं, आणि म्हटलं, पान तीनवरचं ते वाक्य माझं आहे, चुकीचं आहे, मी ते मागे घेते. तक्रारदाराच्या घरी बसून, त्यांना काम करताना कानांनी ऐकून मी ते लिहिलं, ही चूक माझी, त्यांची नव्हे. आता प्रश्न एवढाच, की यांच्याजोगं काम आहे की नाही. कारखाना आठ महिने ते काम यांच्याकडून फोनवरून करून घेतोय, म्हणजे काम आहे. मग जागा द्यायला हरकत काय? दोन मिनिटांत बसले. वर्षभरात एवढं छोटं भाषण मी कधी केलं नव्हतं.

मॅडमनी आदेश सांगायला सुरुवात केली. टेस्टिंगमध्येच परत घ्यायचं, पंप तपासायला आणि नव्यांना शिकवायला. मशीनपर्यंतची वाट कठडे लावून महिन्याभरात सुरक्षित करायची, तोवर सोबत माणूस द्यायचा. रघुजींवर कारवाई नको. टाइप करणाऱ्याची बोटं खडखडत होती आणि मला तो आवाज वाजंत्रीपेक्षा गोड वाटत होता.

“पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घेतो, मॅडम,” पर्सोनेल ऑफिसर म्हणाले.

“मॅडम,” अण्णांनी विचारलं, “किती वाजले?”

“बारा दहा.”

“दुसरी पाळी दोनला सुरू होते.”

“लिहा,” आयुक्त मॅडम टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्याही आवाजात हसू होतं, “आजच्या दुसऱ्या पाळीपासून.”

बाहेर आल्यावर मी अक्कांच्या खुर्चीपाशी गेले. पोटातलं बाहेर पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. “यशश्री बोलतेय. अक्का, त्या दिवशी मी दुपारीच पळून आले होते.”

“ठाऊक आहे. चार वाजता तू माझ्या खिडकीबाहेर उभी राहून वडे खात होतीस,” अक्का म्हणाल्या. “वाट बघत होते, कधी सांगतेस.”

“मग केस काढून का नाही घेतलीत?”

“तुझी केस. मी कशाला काढू? पुढच्या माणसाच्या घरी मात्र दिवे लागेपर्यंत बसायचं. आणि चल, उशीर होईल त्यांना.” मग माझा हात दाबून हळूच म्हणाल्या, “ते ‘कोण बोललं’ मस्त होतं हां.” अक्कांनी मला शाबासकी दिलेली ही पहिलीच वेळ. मी मेट्रो येईपर्यंत तरंगत होते.

मेट्रोत आम्ही पाच जण. अण्णा, वहिनी, रघुजी, ईशान आणि मी. अण्णा आणि रघुजी कुठल्याशा पंपाच्या तक्रारीवर असे तावातावानं भांडत होते, की शेजारच्या बाईनं जागा बदलली. रघुजींचं म्हणणं, पाणीच कमी येत होतं. अण्णांचं म्हणणं, तू मूर्ख आहेस. के. आर. पुरमला उतरून रिक्षा केली आणि पावणेदोनला कारखान्याच्या फाटकाशी पोचलो.

“अण्णा, बंद्रा!” पहारेकरी ओरडला. आलात! गेटपास नाही, कागद नाही, काहीच नाही. त्यानं वर फोन केला, खालून वर आणि वरून खाली चार वेळा बोलणं झालं, तोवर आसपास पाळीला आलेली माणसं जमली. कोणी अण्णांचा हात हातात घेतला, कोणी पाठीवर थाप मारली, कोणी नुसतंच “एन् अण्णा”, काय अण्णा, म्हटलं. वहिनींना एकदम आठवलं की डबा नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच डब्याशिवाय! अण्णा म्हणाले, कँटीनमध्ये खाईन, तू काळजी करू नको. मग रघुजींच्या खांद्यावर हात ठेवून ते चालू लागले. पाळीचा भोंगा झाला. बुटांचे आवाज इतर बुटांच्या आवाजांत मिसळले आणि फाटक लागलं.

माझ्या शेजारी वहिनींनी नाक ओढलं. त्या रडतायत असं वाटून मी त्यांचा हात शोधला.

“रडत नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुला सांगू? लग्न झाल्यापासून रोज हा माणूस कामाला बाहेर पडला, की मी दार लावायची आणि म्हणायची, हुश्श! मग चहा प्यायची, एकटी, पाय पसरून. आठ महिने ते हुश्श म्हणायला मिळालं नाही मला. त्यांना कसं सांगणार?”

आणि भर दुपारी, कारखान्याच्या फाटकासमोर, पहारेकऱ्याच्या आणि ईशानच्या देखत, प्रतिमावहिनी केवढ्यांदा तरी म्हणाल्या, “हुश्श! गेले बाई एकदाचे!”